'वरून गाडी येत नाही' म्हणजे नेमकं काय? शोरूमला गाड्या कशा मिळतात

प्रश्न असा आहे: 'सांगलीत एका एसयूव्हीचं टॉप ऑटोमॅटिक व्हेरियंट बुक करून अडीच महिने झाले. शोरूमवाले म्हणतात, वरून गाडीच येत नाही. मावसभावाला पुण्यात तीच गाडी तीन आठवड्यांत मिळाली. डीलर मागेल तेवढ्या गाड्या कंपनी देत नाही का? आणि थोडे जास्त पैसे मोजले तर लवकर मिळेल का?'

मागेल तेवढ्या तर नाहीच, आणि पुष्कळदा मागेल त्याही मिळत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या शोरूममध्ये मी चोवीस वर्षं काढली. सुरुवात स्टॉकयार्डात झाली, शेवटची अकरा वर्षं कंपनीकडून बिलिंग घेणं आणि अलोकेशन, म्हणजे कंपनीने वाटून दिलेला गाड्यांचा वाटा, सांभाळणं हेच काम होतं. 'वरून गाडी येत नाही' हे वाक्य मी स्वतः असंख्य ग्राहकांना ऐकवलंय. बहुतेक वेळा ते खरं असतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं ग्राहकाला कुणी समजावून सांगत नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते कळलं तर काउंटरवरची निम्मी भांडणं होणारच नाहीत.

शोरूम ही कंपनीची शाखा आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. डीलर हा स्वतंत्र व्यापारी. कारखान्यातून ट्रेलरवर गाडी चढली की कंपनीच्या लेखी ती विकली गेली, आणि ती विकत घेतली डीलरने. गाडी सांगलीला पोचायच्या आधीच तिचं बिल फाटलेलं असतं आणि पैसे कंपनीच्या खात्यात जमा झालेले असतात. हे पैसे डीलरच्या गल्ल्यातले नसतात. बँकेने त्याला गाड्यांच्या साठ्यावर ठरावीक मर्यादेचं कर्ज दिलेलं असतं, त्यातून ते जातात. व्याज बिलाच्या तारखेपासून, किंवा बँकेने काही दिवसांची सूट दिली असेल तर ती संपल्यापासून सुरू होतं.

हिशेब करून बघा. दहा लाखांची गाडी, व्याज वर्षाला दहा टक्के धरलं तर रोजचे साधारण २७४ रुपये. महिनाभर उभी राहिली तर सव्वाआठ हजार, तीन महिने राहिली तर जवळपास पंचवीस हजार. डीलरचं मार्जिन कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतं, पण चार टक्के धरलं तर हातात चाळीस हजार येतात. त्यातून व्याज, शोरूमचं भाडं, पगार, ग्राहकाला दिलेली सूट, सगळं भागवायचं. म्हणजे तीन महिने पडून राहिलेली गाडी विकून डीलर कमावत नाही, फक्त सुटतो. शंभर गाड्या यार्डात असतील तर दहा कोटी अडकलेले असतात आणि रोज सकाळी शटर उघडायच्या आत सत्तावीस हजारांचं व्याज चढलेलं असतं. यार्डात काम करायचो तेव्हा मला वाटायचं, मालक गाड्या मोजत फिरतात. पुढे कळलं की ते दिवस मोजत फिरत होते.

आता अलोकेशन कसं ठरतं ते सांगतो.

कारखान्याचं वेळापत्रक आज मागणी आली आणि उद्या गाडी बनली असं चालत नाही. वायरिंग, अलॉय व्हील, सनरूफ, गिअरबॉक्स, कंट्रोल युनिट हे सगळं बाहेरचे पुरवठादार देतात आणि त्यांना आधी आकडे द्यावे लागतात. म्हणून कंपन्या पुढच्या दोन-तीन महिन्यांचा आराखडा करतात आणि तो दर महिन्याला पुढे सरकवतात. लगतचा महिना जवळपास गोठलेला असतो. आमच्याकडे वीस तारखेच्या आसपास इंडेंट भरायचा असे: कोणतं मॉडेल, कोणतं व्हेरियंट, कोणता रंग, किती नग. रंगात शेवटपर्यंत थोडंफार इकडचं तिकडे होतं, कारण तो पेंट शॉपमध्ये ठरतो. व्हेरियंट बदलणं फार अवघड, कारण त्याचे सुटे भाग आधीच मागवलेले असतात.

इंडेंट म्हणजे मागणी. मिळतं ते अलोकेशन. कारखान्यात महिन्याला जेवढ्या गाड्या बनणार त्यातून निर्यातीच्या बाजूला जातात, उरलेल्या झोनमध्ये वाटल्या जातात, झोनमधून एरियात आणि एरियातून डीलरला. वाटणी करताना काय पाहतात? पहिलं म्हणजे मागच्या तीन महिन्यांत तुम्ही प्रत्यक्ष ग्राहकाच्या नावावर किती गाड्या लावल्या. दुसरं, आत्ता तुमच्याकडे किती दिवसांचा साठा पडलाय. तिसरं, सिस्टममध्ये खऱ्या ग्राहकांची किती बुकिंग थांबलीत. चौथं, बँकेच्या मर्यादेत किती जागा शिल्लक आहे. मर्यादा भरलेली असेल तर मंजूर झालेली गाडीही दुसऱ्याकडे वळते, आणि ती वळताना बघणं फार जीवावर येतं. या सगळ्यावर कंपनीच्या एरिया मॅनेजरचा हात असतो. त्याच्याकडे राखीव ठेवलेल्या थोड्या गाड्या असतात, त्या तो आपल्या विवेकाने देतो.

यातलं दुसरं कलम सगळ्यात वजनदार. समजा दोन डीलर आहेत, दोघेही महिन्याला चाळीस गाड्या विकतात. एकाकडे वीस गाड्या शिल्लक आहेत, म्हणजे पंधरा दिवसांचा साठा. दुसऱ्याकडे साठ, म्हणजे पंचेचाळीस दिवसांचा. चालणारी एसयूव्ही आली की जास्त वाटा पहिल्याला. अमेरिकेत या पद्धतीला 'टर्न अँड अर्न' म्हणतात: विका आणि मिळवा. शेवरोलेची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार तिथे अशीच वाटली जाते, म्हणून काही मोठ्या डीलरांना महिन्याला ढीगभर मिळतात आणि गावातल्या डीलरला वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आपल्याकडे हे नाव कुणी घेत नाही, पण हिशेब तोच.

या चक्राचा फटका छोट्या गावाला बसतो. पुण्याचा डीलर जास्त विकतो म्हणून त्याला जास्त मिळतात, जास्त मिळतात म्हणून तो जास्त विकतो. सांगलीत टॉप ऑटोमॅटिकला महिन्याला तीन बुकिंग असतील तर वाटणीत तुमच्या वाट्याला येते एक, कधी शून्य. पुण्यात तिचीच चाळीस बुकिंग असतील तर पंधरा मिळतात, शिवाय तिथे कुणी ना कुणी बुकिंग रद्द करतोच आणि ती गाडी मागच्याला मिळते. तुमच्या मावसभावाच्या बाबतीत बहुधा हेच झालं असेल. त्याने वशिला लावला असेल असं लगेच समजू नका.

बरेच जण विचारतात, कारखाना चाकणला आहे, मग पुण्या-सांगलीला गाडी आधी का नाही? चाकणच्या जवळ असण्याने फक्त वाटेतले दिवस वाचतात. ट्रेलर अडीचशे किलोमीटर येऊन दुसऱ्या दिवशी उतरतो. गुवाहाटीला जायला त्याला आठवडा लागेल. वाटणीत अंतर मोजत नाहीत. उलट ट्रेलरवर गाडीच्या लांबीप्रमाणे सहा-आठ गाड्या मावतात, आणि छोट्या डीलरची खेप भरली नाही तर शेजारच्या गावाची खेप जुळेपर्यंत तुमची गाडी कारखान्याच्या यार्डात थांबते. हे मी कित्येकदा पाहिलंय: गाडी बनलीय, बिल झालंय, व्याज सुरू आहे आणि गाडी तिथेच.

आता महिनाअखेरीचं. वाहन उद्योगाचे दोन आकडे दर महिन्याला छापून येतात आणि लोक ते एकच समजतात. कंपन्या आणि त्यांची संघटना सियाम सांगतात तो कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचा आकडा. डीलरांची संघटना फाडा सांगते तो सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदणी झालेल्या गाड्यांचा, म्हणजे ग्राहकाच्या दारात गेलेल्यांचा. या दोहोंतला फरक जातो कुठे? डीलरच्या यार्डात. सप्टेंबर २०२४ मध्ये तो फरक इतका साचला की फाडाने सांगितलं, देशभरातल्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा साठा आहे, ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत सुमारे ७९ हजार कोटी. फाडाच्या मते साठा २१ दिवसांचा असायला हवा. त्याच दिवसांत काही मॉडेलांना लांबलचक वेटिंगही होतं. यार्ड भरलेलं आणि ग्राहकाला हवी ती गाडी नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच शोरूममध्ये एकाच दिवशी खरी असू शकतात.

कारण महिनाअखेरीला एरिया मॅनेजरचा फोन येतो: 'अजून पंधरा गाड्यांचं बिलिंग घ्या.' त्या पंधरा कधीच चालणाऱ्या नसतात. चालणाऱ्या हव्या असतील तर न चालणाऱ्याही घ्या, असं लेखी कुणी देत नाही, पण पुढच्या महिन्याच्या वाटणीत ते दिसतं.

माझ्यावर ही वेळ आलेली सांगतो. एका मार्चअखेरीला नव्या एसयूव्हीच्या सहा गाड्या मिळाव्यात म्हणून मी चौदा डिझेल सेडान उचलल्या. मालकांनी विचारलं, 'खपतील का?' मी म्हणालो, लग्नसराई आहे, खपतील. सहा एसयूव्ही चार दिवसांत गेल्या. सेडान उभ्या राहिल्या. लग्नसराई संपली, पाऊस लागला. आमचं यार्ड उसाच्या फडाला लागून होतं. उंदरांनी दोन गाड्यांची वायरिंग कुरतडली. बॅटऱ्या उतरल्या, एकाच जागी उभ्या राहून टायर बसले. शेवटची गाडी गणपतीच्या तोंडावर गेली, गाडीमागे साठ हजार सूट देऊन. दिलेल्या सवलतीचे आठ लाख चाळीस हजार आणि पाच महिन्यांचं व्याज पाच लाखांच्या वर. सहा एसयूव्हींवर मिळाले होते पावणेतीन लाख. मालक मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त तो कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्यानंतर मी एकदाही न मोजता 'हो' म्हटलं नाही, आणि त्यामुळे आमचं चालणाऱ्या गाड्यांचं अलोकेशन कमीही झालं. त्याचा राग काउंटरवर तुमच्यासारख्या ग्राहकांनी काढला. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

साठ्याचा धोका किती एकतर्फी असतो ते २०२० च्या पाडव्याला पूर्ण कळलं. १ एप्रिलपासून बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाडीची विक्री आणि नोंदणी बंद, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितलं होतं. सगळ्यांचा भरवसा शेवटच्या आठवड्यावर आणि पाडव्यावर होता. त्या वर्षी पाडवा आला २५ मार्चला, नेमका देशभरातल्या टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी. हार आणून ठेवले होते, पेढ्यांची ऑर्डर दिली होती, डिलिव्हरीच्या वेळा फळ्यावर लिहिल्या होत्या. शटर उघडलंच नाही. न्यायालयाने २७ मार्चला उरलेल्या साठ्यातल्या दहा टक्क्यांना टाळेबंदीनंतर दहा दिवसांची मुदत दिली आणि जुलैत तो आदेशही मागे घेतला. यार्डात अडकलेल्या त्या गाड्या डीलरांनीच विकत घेतलेल्या होत्या.

दुसऱ्या टोकाचं वर्ष म्हणजे २०२१. मार्चमध्ये जपानच्या नाका इथल्या रेनेसासच्या चिप कारखान्याला आग लागली, नंतर मलेशियातल्या टाळेबंदीने चिपचा पुरवठा आणखी आवळला. मारुतीने तर सप्टेंबरमध्ये हरियाणा आणि गुजरातेतलं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवरच राहील असं आधी जाहीर केलं. आणि त्याच टंचाईत ७ ऑक्टोबरला महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची पहिली २५ हजार बुकिंग ५७ मिनिटांत झाली. पुढच्या वर्षी ३० जुलैला स्कॉर्पिओ-एनने अर्ध्या तासाच्या आत लाखाचा आकडा गाठला. अशा वेळी डीलरचा इंडेंट हा नुसता कागद उरतो. कोणती चिप हाती आहे त्यावर कारखाना कोणतं व्हेरियंट बनवायचं ते ठरवतो, आणि रांग कंपनी वरूनच लावते. एकाच दिवशी बुक केलेल्या दोन भावांपैकी पेट्रोलवाल्याला दिवाळीत गाडी आणि डिझेलवाल्याला पुढच्या पाडव्याला, असं तेव्हा झालं. दोघांचं भांडण मिटवायला त्यांच्या आई शोरूमला आल्या होत्या.

टंचाई आली की खोटी बुकिंगही येतात. थांबलेली बुकिंग जास्त दिसली तर अलोकेशन जास्त, म्हणून कुणी कर्मचाऱ्यांच्या, नातलगांच्या नावाने बुकिंग भरतो. साठा कमी दिसावा म्हणून गाडी यार्डात असतानाच सिस्टममध्ये 'रिटेल', म्हणजे ग्राहकाला विकली, असं पंच करतो. हे मी पाहिलंय, आणि याने खऱ्या ग्राहकाचा नंबर मागे जातो. आता बऱ्याच कंपन्या बुकिंगसाठी ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवतात आणि रिटेलचा आकडा 'वाहन'वरच्या नोंदणीशी ताडून बघतात, त्यामुळे ते बरंच आटोक्यात आलंय.

सगळीकडे असंच चालतं असंही नाही. मर्सिडीझ-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात पद्धतच बदलली: साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनीच ग्राहकाला देते, डीलर गाडी दाखवतो, पोचवतो आणि सर्व्हिस करतो. देशभराचा साठा एकच असल्याने पुण्याची गाडी कोल्हापूरच्या ग्राहकाला द्यायला कुणाचा विरोध नसतो. मला ही पद्धत न्याय्य वाटते. पण महागड्या, कमी संख्येच्या गाड्यांना जमतं ते महिन्याला लाखभर गाड्या विकणाऱ्या कंपनीला जमेल का, याबद्दल मला शंका आहे, कारण आज तो सगळा भांडवलाचा भार डीलर वाहतोय.

हा भार डीलरवरच पडतो हे सप्टेंबर २०२५ मध्येही दिसलं. जीएसटी कमी होणार हे १५ ऑगस्टला कळलं आणि २२ सप्टेंबरच्या घटस्थापनेपर्यंत ग्राहक थांबले. तोवर भरलेला साठा जुन्या कराने आणि उपकराने घेतलेला होता. उपकर रद्द झाला आणि डीलरांच्या खात्यात जमा असलेली त्याची रक्कम वापरायला जागाच उरली नाही.

आता तुमचं. जास्त पैसे देऊ नका. रांग मोडून गाडी देतो म्हणून वरचे पैसे घेणारे असतात, मी त्यांना ओळखतो, पण तो माणूस तुमच्यासाठी जे करतो तेच उद्या तुमच्या विरुद्ध दुसऱ्यासाठी करेल, आणि त्या पैशाची पावती कधी मिळत नाही. विमा शोरूममधूनच घ्या, पंचवीस हजारांच्या अॅक्सेसरीज घेतल्या तरच गाडी, असं कुणी म्हटलं तर लेखी मागा. विमा बाहेरून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

डिलिव्हरीची तारीख विचारूच नका. सेल्समन जी सांगेल ती अंदाजानेच सांगेल, आणि तुमच्या समाधानासाठी थोडी जवळचीच सांगेल. विचारायचं ते हे: माझं बुकिंग कंपनीच्या सिस्टममध्ये कोणत्या तारखेला चढलं, त्याचा ऑर्डर नंबर काय? पावती शोरूमची असते, पण रांग सिस्टममधल्या तारखेने लागते, आणि या दोन तारखांत कधीकधी आठवड्याचा फरक पडतो. मग विचारा, या व्हेरियंटला तुमच्या शोरूमला मागच्या तीन महिन्यांत किती गाड्या आल्या आणि माझ्यापुढे किती जण आहेत? महिन्याला एक येत असेल आणि पुढे चौघं असतील तर तुमचं उत्तर तुम्हालाच मिळालं. प्रामाणिक मॅनेजर हे सांगतो. मी सांगत असे, आणि ते ऐकून बुकिंग रद्द करणारे फार थोडे निघाले.

रंगाचा हट्ट नसेल तर आजच तसं लेखी कळवा. ठरावीक रंगासाठी थांबलेल्या माणसाला ओलांडून गाडी मागच्याला जाते, हे रोज घडतं. व्हेरियंट मात्र विचार करून बदला, कारण बऱ्याच ठिकाणी बदललं की नवी तारीख लागते. कोल्हापूर, सातारा, सोलापूर इथल्या डीलरकडे तुमची गाडी पडून आहे का ते बघायला सांगा. एकाच झोनमधले डीलर आपसात गाडी देतात, पण चालणारी गाडी कुणी सहज सोडत नाही. त्यांना त्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. ते शोरूमने बघायचं, तुम्ही नाही.

गाडी तुमच्या नावाला लागली असं सांगितलं की चेसिस नंबर मागा. सतरा अक्षरांचा तो नंबर मिळेपर्यंत गाडी तुमची झालेली नाही, मग फोनवर कितीही गोड बोलोत. यार्डात जाऊन तो नंबर गाडीवर स्वतः पडताळा. दुसऱ्या गावाहून चालवत आणलेली असेल तर ओडोमीटर दोनशे-अडीचशे दाखवेल. तसं आधी सांगितलं असेल तर हरकत नाही, लपवलं असेल तर विचारा. विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ वर निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. जानेवारीत घेत असाल आणि त्यावर मागच्या वर्षातला ऑगस्ट असेल, तर ती गाडी कुणाच्या तरी यार्डात पाच महिने उभी होती. बॅटरी तपासून घ्या, टायर बघा, बॉनेट उघडून वायरिंग नीट पाहा, आणि सूट मागा. उरलेली रक्कम त्यानंतर भरा.